तांब्याच्या नळीतली साक्ष

माझी पणजी डोंगरातला काळा चुंबकदगड होती, आजी जहाजाच्या होकायंत्रातली सुई आणि आई रेडिओच्या कर्ण्यातली चकती. अशा घराण्यातली मी एक जुनी चुंबकाची कांडी आहे, बोटाच्या पेराएवढी, पण भारी जोराची. मित्रांनो, सरळ बसा, मग पुढचे सांगते.

माझ्या नशिबी आले एका भंगारवाल्याचे दुकान. शी! त्याचे हात सदा तेलकट, नखांत काळा मळ. लोखंडाचा कीस माझ्या अंगावर दाढीसारखा वाढलेला, पण पुसायचे नाव नाही. तरी मला कामाचा अभिमान होता. लोखंड मला बिलगे, तांबे ढिम्म राही. माझा शब्द अखेरचा.

तो शब्द त्याने नासवला. एक तरुण प्लंबर कामातून उरलेल्या दोन किलो तांब्याच्या नळ्या विकायला आला. भंगारवाल्याने त्याची नजर चुकवून बोटाने नळीत खिळा सरकवला आणि बाहेरून मला टेकवले. खिळ्याच्या ओढीने मी चिकटले.

"लोखंड आहे राव, वर नुसता मुलामा!"

आपणच फसलो असे वाटून प्लंबर लोखंडाच्या भावात माल देऊन गेला. शेजारी उभ्या बाईंच्या घरात त्याच नळ्या बसल्या होत्या. त्यांनी ही गोष्ट चहूकडे पसरवली आणि त्याचे काम बंद पडले. मला माझीच किळस आली. मी खोटी साक्ष दिली होती!

सहा महिन्यांनी प्लंबरची आई आली. मोटारींना तांब्याची तार गुंडाळण्यात तिचे आयुष्य गेलेले. सोबत त्याच घरमालकीणबाई होत्या आणि त्यांच्या हातात त्याच कामातला उरलेला हातभर तुकडा.

"बसा की, काकू."

"बसण्याजोगी जागा ठेवली आहेस? कांडी दे. आणि हात मागे!"

तिने मला लख्ख पुसले. उभ्या नळीतून आधी खिळा सोडला. टण्ण! क्षणात खाली. मग मला सोडले. मित्रांनो, तांबे मला ओढत नाही हे खरे. पण मी हलले की त्याच्या अंगात विजेचे भोवरे उठतात आणि माझा वेग अडवतात. मी तरंगत, सावकाश उतरू लागले.

"अगंबाई, अडकली?" घरमालकीणबाई नळीत डोकावल्या.

"अडकली नाही. तांबं सोडत नाहीये तिला. मुलाम्याच्या लोखंडाला आत शिरताक्षणीच चिकटून बसली असती." मग ती भंगारवाल्याकडे वळली. "त्या दिवशी कशी रे चिकटली?"

"काकू... खिळा होता आत," तो पुटपुटला.

"मोठ्याने. यांना ऐकू गेलं पाहिजे."

त्याने मोठ्याने सांगितले. घरमालकीणबाईंचा चेहरा उतरला. "वरच्या मजल्याचं काम त्यालाच द्यायचं," त्या म्हणाल्या, "आणि माझी चूक मी घरोघर जाऊन सांगते."

मित्रांनो, आम्हा मुक्या वस्तूंना स्वच्छ पुसून ठेवा, आणि आमच्या तोंडून खोटे वदवू नका. त्याची घाण फडक्याने निघत नाही.

भंगारवाल्याने परत द्यायचे तांबे काट्यावर टाकले. काटा जरा कमी दिसताच काकूंनी नुसते पाहिले. त्याने निमूटपणे आणखी एक तुकडा ठेवला आणि दोन किलो पुरे झाले.