गडावर निजायचा सराव

लातुरात औसा रोडच्या मागच्या गल्लीत बसलिंगप्पांची तीन मजली इमारत आहे. भूकंपानंतर तीन वर्षांनी बांधली. खांबांत लोखंड इतकं कोंबलं की इंजिनिअरनं कपाळाला हात लावला. "अप्पा, घर बांधायलाव का धरण?" तो म्हणाला. अप्पा म्हणाले, "तू बांध. इचारू नको." वास्तुशांतीला अख्खी गल्ली जेवून गेली. आणि त्याच संध्याकाळी, पाहुणे अजून बडीशेप चघळत असताना, अप्पांनी आपली गादी उचलली अन् परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन टाकली. ती पुढं तिथंच राहिली.

वरच्या खोल्या क्लासच्या मुलींना दिल्या. तेव्हा लातुरात क्लासेसचा असा काही सुकाळ झाला होता की नांदेड, हदगाव, अर्धापूर, कुठनं कुठनं आईबाप आपल्या लेकी ट्रंकेसकट आणून सोडत होते. अप्पांकडे अकरा मुली होत्या. गल्ली म्हणायची, काय कंजूष माणूस हो, भाड्यापायी स्वतःची निजायची खोलीसुद्धा देऊन टाकली! हे अप्पांच्या कानावर यायचं आणि ते मिशीतल्या मिशीत हसायचे. कंजूष म्हणवून घेणं त्यांना परवडत होतं. भित्रा म्हणवून घेणं परवडलं नसतं.

कारण खरं काय ते एवढंच होतं की अप्पांना पक्क्या छताची भीती वाटत होती.

त्र्याण्णवच्या त्या सप्टेंबरानंतर सगळं लातूर वर्षभर उघड्यावर निजलं होतं. पायात चपला, उशाला बॅटरी. मग एकेक घर आत गेलं. आधी म्हातारी माणसं थंडीला कंटाळून, मग बायका, मग उरलेले. अप्पा तेवढे बाहेर राहिले. डिसेंबरात पत्रा बर्फासारखा गार, मे महिन्यात तव्यासारखा. तरी शेडचं दार कधी लावलं नाही आणि पायातल्या चपला कधी काढल्या नाहीत. हे फक्त शेजारी निजणाऱ्या बायकोला, नीलाबाईंना, ठाऊक होतं. गल्लीतल्या बायकांनी विचारलं की त्या म्हणायच्या, "मलाच आत घुसमटल्यावानी होतं बाई." बायकोनं आळ स्वतःवर घेतला आणि अप्पांनी तो घेऊ दिला.

असं सगळं सहा वर्षं झाकून राहिलं, आणि पुढंही राहिलं असतं. पण दुसऱ्या मजल्यावर उजमा राहत होती.

उजमा अर्धापूरची. बाप तय्यबभाई केळीचे व्यापारी. पोरगी अशी हुशार की क्लासचे सर तिला प्रश्न विचारायला कचरायचे. एका संध्याकाळी ती सात जणींना मागं घेऊन परसात आली आणि म्हणाली, "अप्पा, सहामाही झाली की आम्ही आठ जणी माहूरगडला चाललो. शनिवारी दुपारी किल्ला चढायचा, रात्रभर गडावर मुक्काम, रविवारी उगवता सूर्य बघून खाली. घरचे म्हणतात, अप्पा आणि मावशी संगं असतील तरच."

अप्पा तोंड उघडणार तेवढ्यात नीलाबाई ताक घुसळता घुसळता म्हणाल्या, "हाव, येतो की! रेणुकामायची ओटीबी भरून होईल."

अप्पांच्या डोळ्यांपुढं गड उभा राहिला. गड म्हणजे दगड! शेकडो वर्षांचा दगड, चुन्यावर उभा, आत लोखंडाची एक सळई न्हाई. गडावरच्या तसल्या वाड्यात रात्री निजायचं? आठ पोरींच्या देखत? मध्यरात्री एखादं वटवाघूळ फडफडलं तरी आपण बोंबलत बाहेर पळणार. सोमवारी ते लातूरला कळणार, मंगळवारी नांदेडला, आणि बुधवारी अर्धापूरच्या केळीच्या अड्ड्यावर लोक हसून हसून लोळणार.

पण अप्पा नाही म्हणाले नाहीत. नाही म्हटलं की लोक का म्हणून विचारतात. अप्पांनी अटी घातल्या.

"आठी जणींच्या आईबापाची सहीची चिठ्ठी पायजे," अप्पा म्हणाले. त्यांचा हिशेब होता, यात महिना जाईल. पाचव्या दिवशी आठ चिठ्ठ्या फाइलीला लावून आल्या. वर अनुक्रमणिका.

"सरकारी परवानगी पायजे." ती पण आली, शिक्क्यासकट. हदगावच्या स्वप्नालीचा मामा कुठल्याशा कचेरीत होता.

मग अप्पांनी हुकमी पत्ता काढला. तय्यबभाई कडक माणूस. लेकीला एकटीला बसमध्येसुद्धा बसू देत नाही. अप्पा स्वतः एसटीडी बूथवर गेले आणि फोन लावून आवाज होईल तेवढा गंभीर करून म्हणाले, "तय्यबभाई, पोरी गडावर जायचं म्हनून राहिल्या. रातचा मुक्काम हाय. साप हाय, किरडू हाय, कडा हाय. तुमचं काय मत?"

"अप्पासाहेब," पलीकडनं आवाज आला, "तुम्ही स्वतः फोन केला! आजकाल दुसऱ्याच्या लेकीची एवढी फिकीर कोण करतो? बिनधास्त जाव. नांदेडपासनं माझी जीप घ्या, केळीचे दोन घड टाकतो. तिथल्या दर्ग्यावर माझ्या नावानं चादर तेवढी चढवा."

अप्पांनी फोन ठेवला आणि बूथवाल्याकडे अशा नजरेनं पाहिलं की त्यानं घाबरून पाणी आणून दिलं.

आता यात अप्पांचं एक चुकत होतं. ते ज्या मुलींशी झुंजत होते त्या लातूरच्या क्लासमध्ये तयार झालेल्या होत्या. त्यांच्यापुढं अडचण टाकली की त्या घाबरत नव्हत्या, वही काढत होत्या. अप्पा म्हणाले, "चढायची सवय हाय का?" लातुरात डोंगर कुठला! तर दुसऱ्या दिवसापासून पहाटे पाचला आठ जणी पाठीवरच्या पिशव्यांत गाइडं भरून इमारतीचा जिना वीस वीस वेळा चढू-उतरू लागल्या. पायऱ्यांवर असा धडधडाट व्हायचा की शेडमध्ये अप्पा रोज पहाटे दचकून अंगणात उभे. अप्पा म्हणाले, "संकट काय सांगून येतंय का?" तर उजमानं शंभर संकटांचा प्रश्नसंचच काढला. प्रत्येकाला चार पर्याय. विंचू चावल्यास, मधमाश्या उठल्यास, स्वप्नालीचा चष्मा फुटल्यास. रोज संध्याकाळी अंगणात परीक्षा. नीलाबाईसुद्धा बसायच्या, आणि ज्वारीच्या पिठाचे हात पदराला पुसत सत्तर-सत्तर गुण घ्यायच्या.

एकदा अप्पांना राहवलं नाही. त्यांनी उगाच आढ्याकडे, म्हणजे पत्र्याकडे, बघत विचारलं, "आन् भूकंप झाला तर?"

"मोकळ्या जागेत जावं," स्वप्नाली वहीतनं मान वर न करता म्हणाली. "एक मार्क."

शनिवारला सहा दिवस उरले. अप्पांना जेवण जाईना. रात्री शेडमध्ये ते कुशीवर कूस बदलत राहिले आणि नीलाबाई अंधारातनं म्हणाल्या, "सांगून टाका की पोरींना. खाणार हायत का तुमाला?"

"येडी का काय तू!" अप्पा कडाडले. "अब्रूचा सवाल हाय."

दुसऱ्या दिवशी त्यांना शेवटची युक्ती सुचली, आणि सुचली तेव्हा इतकी बिनतोड वाटली की त्यांनी सकाळी सकाळी भस्म लावतानाच उजमाला हाक मारली. "सगळा सराव केलाव गं. निजायचा कुठं केलाव? अनोळखी जागा, अंधार, आठ जणी एका वळीत. झोप न लागून एखादी आजारी पडली मंजे? रातचा सराव झाल्याबिगर मी काय येणार न्हाई बघ!" अप्पांना पक्कं ठाऊक होतं की रात्री दहा ते एक पोरींचा अभ्यास असतो, आणि तो अभ्यास त्या साक्षात परमेश्वर आला तरी सोडत नाहीत.

उजमानं वेळापत्रक काढलं. बोट फिरवलं. "रात्री जमत नाही," ती म्हणाली.

अप्पांनी मनातल्या मनात बसवेश्वरांना नारळ बोलला.

"रविवारी दुपारी दोन ते चार रिकामं आहे," उजमा पुढं म्हणाली. "रात्र दुपारी करू. आणि गडावर जितके जाणार तितके सगळे सरावाला पाहिजेत. तुम्ही अन् मावशी धरून दहा. तुमच्याच खालच्या हॉलमध्ये."

स्वतःच्या हातानं खड्डा खणला आणि वर स्वतःच विचारलं की खोल झालाय का! अप्पांनी हातच टेकले. शनिवारचं निघणं एका आठवड्यानं पुढं गेलं, एवढीच काय ती कमाई.

रविवारी दोन वाजता हॉलच्या खिडक्यांवर गोधड्या टांगल्या. दिवे बंद. बाहेर लख्ख ऊन, गल्लीत भंगारवाल्याची आरोळी, आणि आत घोर रात्र. आठ मुली ओळीनं आडव्या झाल्या. नीलाबाई भिंतीकडेला. अप्पांनी दाराजवळची जागा घेतली आणि चपला घालूनच पांघरूण ओढलं.

पहिलं मिनिटभर ठीक गेलं. मग डोळे अंधाराला सरावले आणि वर स्लॅब दिसू लागला. केवढा मोठा! केवढा जाड! हा आपणच घातला, हे लोखंड आपणच मोजून घेतलं, हे सगळं अप्पांना माहीत होतं, पण त्यांच्या छातीला माहीत नव्हतं. श्वास पुरेना. घाम फुटला. नीलाबाई मात्र टेकताक्षणी घोरू लागल्या होत्या.

आणि नेमकं तेव्हाच वरच्या मजल्यावर, गडावर न येणाऱ्या तिघींपैकी कुणीतरी लोखंडी ट्रंक ओढली. घर्रर्र.

"भायेर! पोरीहो, भायेर व्हा!"

ही आरोळी आपलीच हे अप्पांना अंगणात पोचल्यावर कळलं. धोतराचा सोगा हातात, भस्म घामानं नाकावर उतरलेलं. पण गंमत अशी की मागोमाग आठही जणी अंगणात हजर! एकीनंही का म्हणून विचारलं नव्हतं. त्र्याण्णव साली त्या सगळ्या दहा-अकरा वर्षांच्या होत्या. उजमानं धापा टाकत घड्याळ बघितलं. "बारा सेकंद," ती म्हणाली.

वरनं एक मुलगी गॅलरीत वाकून म्हणाली, "काय झालं? मी ट्रंक सरकवत होते."

अप्पा धुण्याच्या दगडावर मटकन बसले. आता झाकायचं काय राहिलं होतं!

"मला न्हाई जमत गं," ते म्हणाले. "छताखाली न्हाई निजता येत. माझी थोरली बहीण, नागुबाई, किल्लारीकडं दिली होती. त्या सकाळी मी गेलो. तीन दिवस दगडं उचलले ह्या हातांनी. तिच्या घराचे कुठले आन् शेजाऱ्याचे कुठले ते बी कळंना. तिसऱ्या दिवशी घावली. तवापासनं वर जड काय असलं की मला वाटतं आता खाली येतंय. तुमच्या गडावर त्या दगडी वाड्यात मी काय निजणार? म्हनून आडवं लावून राहिलो होतो."

कुणी हसलं नाही. स्वप्नाली चष्मा पुसत राहिली. मग तीच हळूच म्हणाली, "पण अप्पा, वाड्यात कोण निजतंय? तिथली छपरं कधीच पडलीत. आपण मोकळ्या माळावर निजणार. वर नुसतं आभाळ."

"आँ?" अप्पांनी वर पाहिलं. "मंग ह्ये आधी का न्हाई सांगितलं?"

"तुम्ही शंभर गोष्टी विचारल्या," उजमा म्हणाली. "ही विचारलीच नाही. आणि तुम्ही रोज शेडमध्ये निजता, आम्हाला वाटलं उघड्यावरची तुम्हाला हौसच आहे."

अप्पांना आधी राग आला, मग हसू. महिनाभर ते बिनछपराच्या गडाशी भांडत होते! हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. "शिवा शिवा! मंग चला की, आत्ता निघू! अगं ये, ऐकलीस का?"

नीलाबाई तिथं नव्हत्या. अप्पांनी अंगणभर पाहिलं. ते दारापर्यंत धावले आणि उंबऱ्याशी थांबले. आत, त्या बनावट अंधारात, नीलाबाई तशाच पडून होत्या. जाग्या होत्या.

"आगं, भायेर यायचं न्हाई का? मी वरडलो की!"

"ऐकलं," नीलाबाई म्हणाल्या. "सहा वर्षं झाली वरडून राहिलाव. ट्रंकंचाच आवाज व्हता."

"मंग ऊठ की."

"न्हाई उठत." त्या स्लॅबकडे बघत बोलत होत्या. "लई गाढ झोप लागली होती. ह्या घरात माझ्या आईनं घातलेल्या पाटल्या गेल्या. वास्तूच्या पूजेला बसले तेवढीच मी हितं. अकरा पोरी निजतात, त्यांच्या आया येऊन निजतात, मी एक रात न्हाई निजले माझ्या घरात. तुमी एकटेच पडचाल म्हनून. गडावर येते, उघड्यावर निजते, माझी काय तक्रार न्हाई. पर आज रातीला मी हितंच निजणार."

अप्पा उंबऱ्यावरच खाली बसले. आपली भीती लोकांना कळेल म्हणून ते सहा वर्षं जीव मुठीत धरून होते. त्या भीतीचा भार कोण वाहतंय हे त्यांना कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. त्यांना फार लाज वाटली. मुली एकेक करून जिन्यानं वर गेल्या, पाय न वाजवता.

रात्री नीलाबाईंनी हॉलमध्ये गादी घातली. थोड्या वेळानं परसातनं गादी फरफटत आणल्याचा आवाज आला. अप्पांनी ती दारात अंथरली, बरीचशी अंगणात, थोडी आत. डोकं बाहेर, पाय घरात. आडवं झाल्यावर त्यांनी एकेक करून चपला काढल्या आणि बाजूला ठेवल्या.

"थंडी वाजंल की," नीलाबाई आतनं म्हणाल्या.

"वाजू दे. आज गुडघ्यापोत्तर आलोय. गडावरनं आल्यावर कंबरेपोत्तर बघू."

नीलाबाईंनी उठून त्यांच्या पायांवर रग टाकला.

"या सावकाश," त्या म्हणाल्या. "मी हितंच हाय."