कधीही बंद न पडणारी यादी

विजेची वायर उपटली तरी पडद्यावरची यादी तशीच राहिली, तेव्हा सभागृहातल्या शंभरएक माणसांनी तोंडात बोटं घातली. मागच्या रांगेतले दोघे तर खुर्च्यांवर चढले. व्यासपीठावर एका काळ्या पेटीशेजारी महाराज उभे होते आणि उपटलेल्या वायरचं टोक हातात धरून मंद हसत होते.

महाराज हे नाव मी ठेवलेलं. ते स्वतःला सर्व्हर-सल्लागार म्हणवत. त्यांच्या गळ्यात ओळखपत्र होतं, पण ते कायम उलटं लटकत असल्यामुळे ओळख काही कुणाला पटली नाही.

प्रश्न खरं तर साधा होता. आमच्या रक्तदात्यांच्या मंडळाची एक वेबसाइट आहे. कोणाचा गट कोणता, आज कोण रक्त देऊ शकतं, कोणी नुकतंच दिलंय, याची ती यादी. ही यादी ज्या संगणकावर राहते तो सर्व्हर, आणि त्या सर्व्हरवर कोणती ऑपरेटिंग सिस्टीम बसवायची ते आम्हाला ठरवायचं होतं. वेबसाइट सांभाळते माझी भाची. तिचं म्हणणं, साधं लिनक्स घ्या. फुकट आहे, पुढची काही वर्षं दुरुस्त्या मिळत राहतील, आणि बिघडलंच तर मला नीट करता येतं. दर रविवारी दहा मिनिटं बंद ठेवून दुरुस्त्या चढवाव्या लागतील, हेही तिने प्रामाणिकपणे सांगितलं. तिथेच घोडं अडलं.

कारण मागच्या वर्षी जुना सर्व्हर एका दुपारी बंद पडला होता. नेमकं त्याच दुपारी माझ्या बहिणीला, म्हणजे भाचीच्या आईला, रक्त हवं होतं. तिला दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं आणि तिचा गट दुर्मीळ. भाचीने वहीतले जुने नंबर शोधून साठ फोन केले, तेव्हा एक दाता मिळाला. त्या दिवसापासून मंडळाने एकच खूणगाठ बांधली: बंद पडत नाही ते चांगलं. घाबरलेल्या माणसाला काय विकावं, हे महाराजांना बरोबर कळत होतं. चाचणी म्हणून आमची वेबसाइट कालपासून त्यांच्या त्या काळ्या पेटीवर, म्हणजे त्यांच्या सर्व्हरवर, हलवली होती.

"इतर सिस्टीम झोपतात, माझी जागृत आहे," ते म्हणाले. "तिला दुरुस्ती लागत नाही, कारण तिच्यात दोषच नाही." पेटीवरच्या छोट्या पडद्यावर 'अखंड सेवा: १२०४ दिवस' असं झळकत होतं, ते त्यांनी वायर काढण्याआधीच सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. आता वायर काढलेली, पेटी काळी ठिक्कर, आणि तरीही ते आपल्या लॅपटॉपवर एकेक रक्तगट दाबत होते आणि मोठ्या पडद्यावर दात्यांची नावं येत होती. मंडळाचे अध्यक्ष, निवृत्त पोस्टमास्तर, सहीसाठी पेन उघडून बसले. भाचीचा चेहरा पडला. मला मनातून भयंकर राग आला होता, पण युक्ती कळत नव्हती, हेही कबूल करतो.

तेवढ्यात रक्तपेढीतल्या तंत्रज्ञ ताई उठल्या. रक्त चढवण्याआधी पेशंटला "तुम्ही अमुकच ना?" असं त्या कधी विचारत नाहीत. गुंगीतला माणूस कशालाही हो म्हणतो. त्या विचारतात, "तुमचं नाव काय?" उत्तर त्याच्या तोंडून यायला हवं. वीस वर्षांची ही सवय.

"तुम्ही याला माहीत असलेलंच विचारताय," ताई म्हणाल्या. "मी नवीन काहीतरी सांगून बघते."

त्यांच्या कोपरावर चिकटपट्टी होती. सकाळीच रक्त दिलेलं. त्यांनी आपल्या मोबाइलवर वेबसाइटमधलं 'आज रक्त दिलं' हे बटण दाबलं. मोबाइलवर चक्र फिरत राहिलं आणि थकून थांबलं. महाराजांच्या यादीत ताई अजूनही 'उपलब्ध' होत्या.

"मोबाइलला रेंज नसेल," महाराज म्हणाले. तेव्हा आणखी चौघांनी आपापल्या मोबाइलवर वेबसाइट उघडायचा प्रयत्न केला. एकाचीही उघडली नाही.

भाची व्यासपीठावर चढली आणि तिने लॅपटॉप तपासला. यादीची एक प्रत आधीच महाराजांच्या लॅपटॉपमध्ये साठवलेली होती. पडद्यावर दिसत होती ती कालची प्रत. पेटी चालू असो वा बंद, तिला फरक पडत नव्हता.

महाराजांनी घाईघाईने वायर परत लावली, आणि ते हात दाखवून अवलक्षण झालं. पेटी सुरू होताना तिच्या पडद्यावर तिचं खरं नाव सरसर उमटलं: तेच फुकटचं लिनक्स, पण जुनं, ज्याच्या दुरुस्त्या कधीच बंद झाल्या आहेत. वर नवं नाव आणि चित्र चिकटवलेलं. पाठोपाठ झळकलं, 'अखंड सेवा: १२०४ दिवस'.

पोस्टमास्तरांनी चष्मा पुसला. "आत्ताच तर वायर काढली होती," ते म्हणाले.

लोक इतके हसले की महाराज पेटी काखेत मारून कधी सटकले ते कळलंच नाही. ताई मात्र हसल्या नाहीत. माझ्या बहिणीच्या गटाचे यादीत दोनच दाते, त्यातल्या एक त्या स्वतः. त्यांचं आता चार महिने रक्त घेता येणार नाही, आणि महाराजांची यादी बहिणीला त्यांच्याच दारात पाठवत राहिली असती.

मंडळाने भाचीचं लिनक्स निवडलं. पहिल्याच रविवारी, वेबसाइट बंद असताना, तक्रारीचा पहिला फोन बहिणीचाच आला. दुरुस्ती चालू आहे, असं भाचीने सांगितलं.

"मग चालू दे," बहीण म्हणाली. "मी थांबते दहा मिनिटं."

जिला थांबणं सगळ्यात महाग पडतं, तिला हे कळलं. वाचकहो, आपल्यालाही कळायला हरकत नाही. कधीच न थांबणारं काही कुणी दाखवलं, तर हात जोडण्याआधी ज्याचं उत्तर त्याच्याकडे आधीपासून नाही असा एक प्रश्न विचारा आणि उत्तराची वाट बघा.