वाळत घातलेली कादंबरी

क्रोकवेर बेटावर इसाकने हुंगल्याशिवाय कुठलाच माल विकला जात नसे. सुक्या कॉड माशांची प्रत ठरवणारा तो एकुलता एक पारखी. त्यामुळे मासळीचे व्यापारी ओलुफ ग्रॉनेस यांनी स्वतः लिहून स्वखर्चाने छापलेली कादंबरी बोटीतून उतरवली, तेव्हा सगळं बेट पेट्यांभोवती जमलं, पण पुस्तकाला हात कुणी लावेना.

"आधी इसाकला दाखवा, शेठ," पोस्टातली बेरित म्हणाली. "माल तो माल."

ओलुफनी पेटीतून एक पुस्तक बाहेर काढलं. कित्येक हिवाळे दुकान बंद करून ते लिहीत बसले होते. बेटावरच्या एका तरी माणसाने हे वाचावं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

इसाक आला. पुस्तक उघडायचं त्याच्या मनातही आलं नाही. त्याने ते वाकवलं, बोटाने टकटक वाजवलं आणि नाक खुपसून मोठा श्वास घेतला.

"ओलं आहे."

"अरे, ती शाई आहे!"

"असेल. वाळवा, मग बघू."

पारख्याशी वाद घालायची बेटावर पद्धत नव्हती. ओलुफनी पुस्तकं जोडीजोडीने सुतळीने बांधली आणि लाकडी मांडवावर वाळत असलेल्या माशांच्या शेजारी टांगली.

दुसऱ्या दिवशी बेरित मांडवाखालून चालली होती. वाऱ्याने फडफडणारं एक पान तिच्या नाकावर आपटलं. तिने एक ओळ वाचली. मग दुसरी. तेवढ्यात वाऱ्याने पान उलटलं.

"अगं बाई, आत्ता तर तो बोटीत चढत होता!" म्हणत ती शेजारच्या पुस्तकाकडे धावली.

दुपारपर्यंत मांडवाखाली जत्रा भरली.

"लग्नाचं पान कुणाकडे उघडंय?"

"इकडे लग्न होऊन पोरही झालं!"

"सांगू नकोस रे मेल्या!"

पाद्रीबुवा वरची पुस्तकं वाचायला शिडी घेऊन आले ते खाली उतरायलाच तयार होईनात. इसाकने येऊन एक प्रत चिमटीत दाबली आणि जाहीर केलं, "वाळलं. काढा."

"हात तर लावून बघ!" सगळे एकदम ओरडले.

ओलुफ दुकानाच्या दारातून हे बघत होते. तेवढ्यात लाल डोळ्यांची बेरित तरातरा त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली.

"शेवटच्या पानावर हान्नाला बुडवलंत तुम्ही?"

"म्हणजे... खरंच बुडाली असं वाटलं?"

"एवढ्या गार पाण्यात! लाज नाही वाटत? आजपासून तुमच्या दुकानातलं पीठसुद्धा नको मला!"

ओलुफनी गल्ला उघडाच टाकला आणि आनंदाने बायकोला हाका मारत घराकडे धूम ठोकली.

"येन्सिने! अगं येन्सिने! आपलं गिऱ्हाईक तुटलं!"