निडीची धुरी

निडी स्टेशनवर रोह्याची गाडी थांबली की डब्यांतून बायकाच बायका उतरायच्या. पेणच्या, नागोठण्याच्या, पार खाडीकाठच्या खारेपाटातल्या. कुणाच्या पिशवीत नारळ, कुणाच्या काखेत कोंबडा. साऱ्यांची वाट एकच, काळुराम बाबाच्या मांडवाची. बाबा म्हणे बायकांच्या कुशीतली कीड धुरी देऊन खाली पाडतो. आणि कीड दिसायचीही! परातीतल्या पाण्यात बारीक, पांढरी, वाकडी. बाबाने परात उंच धरली की मांडवभर "अगो आई गो!" उठायचं.

१९९७ सालच्या माघात हौसा तिथे आली ती नवऱ्याच्या, गोविंदाच्या हट्टाने. दोघंही मिठागरावर कामाला. रामवाडीच्या शाळेत बायकांच्या तपासणीचं शिबिर झालं, तेव्हा शेजारणी गेल्या म्हणून हौसाही गेली होती. तिला कसलाच त्रास नव्हता. पण डॉक्टर नम्रताबाईंनी गर्भाशयाच्या तोंडाला आंबट वासाचं औषध लावलं आणि तिथे पांढरा डाग उमटला. बारीक तुकडा तपासायला गेला. निकाल आल्यावर बाईंनी दोघांना समोर बसवलं.

"हा कॅन्सर नाही. पण असाच सोडला तर काही वर्षांनी होऊ शकतो. आत्ता तेवढी जागा गोठवून टाकू. पुढे तपासणीला मात्र येत राहायचं."

"पण झाला कशानी?" गोविंदाने विचारलं.

"विषाणूने. डोळ्यांना दिसत नाही इतका बारीक असतो. संबंधातून येतो. बहुतेकींच्या अंगातून आपोआप जातो, काहींच्या राहतो. कधी आला, कुणाकडून आला, ते कुणीच सांगू शकत नाही. तेव्हा कुणाला बोल लावायचा नाही."

गोविंदाचं तोंड उतरलं. एस.टी.त तो तिच्यापासून लांबच्या बाकावर जाऊन बसला. घरी येऊन मात्र उसळला, "म्हंजे मी आणला काय ह्यो रोग? डॉक्टरीण खोटारडी हाय. आपण निडीला जाव."

निडीचा बाबा नवऱ्यांना कधीच दोष देत नसे. म्हणून तर नवरे आपल्या बायकांना तिथे ओढून आणत.

मांडवाच्या टोकाला कुडाची खोली होती, दाराला साडीचा पडदा. बाबा बाहेर पाठ करून बसायचा. "परस्त्रीचं तोंड मी बघत नाय!" तोंड बघत नव्हता, पण विचारायचं ते साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं ओरडून विचारायचा.

"सांग गो, लग्नाआधी कुणाची सावली अंगावर घेतलीस? लपवशील तर कीड काळजाला चढंल! डॉक्टरच्या भिंगाला ती दिसायची नाय. माझ्या मंत्राबिगर ती तोंडच काढत नाय!"

मांडवातले पुरुष कान टवकारून ऐकत होते. हौसाने पडद्याच्या फटीतून पाहिलं. गोविंदा मान डोलवत होता. तिला शिसारी आली.

खोलीत जळक्या तुपाचा आणि घामाचा कुबट वास कोंडला होता. बाबाच्या हाताखालच्या गोदूबाईने परातीत पाणी ओतलं, मधोमध निखाऱ्यांचं बोळकं ठेवलं, वर भोक पाडलेला चौरंग मांडला. पुरचुंडीतून तुपात घोळलेलं काहीतरी मूठभर काढून निखाऱ्यांवर टाकलं. "लुगडं वर घे नि बस," म्हणाली आणि पडदा ओढून निघून गेली.

आधीच्या बाईच्या घामाने चौरंग अजून ओला होता. त्यावर अंग टेकवायचं हौसाच्याने होईना. नाकाला पदर लावून ती भिंतीशी उभी राहिली. धूर रिकाम्या चौरंगाच्या भोकातून वर जात होता. तड्... तड्... निखाऱ्यांवर काहीतरी फुटत होतं, आणि फुटलं की पाण्यात पांढरं, वाकडं काहीतरी येऊन पडत होतं. ती वाकली. कीड निखाऱ्यांतून उडत होती!

पुरचुंडी तिथेच पडली होती. ती उचलून हौसा मागच्या दाराने बाहेर पडली आणि वळसा घालून मांडवात बायकांच्या मागे येऊन उभी राहिली.

घंटा वाजली. गोदूबाईने धुरात शिरून परात तेवढी बाहेर आणली.

"बघा! हौसाबाईच्या कुशीतली कीड! सात पिढ्यांचं पाप!" बाबा गरजला.

"बाबा, हौसा मी. मी तर चौरंगावर बसलेच नाय."

साऱ्या माना तिच्याकडे वळल्या. पण बाबा मुरलेला होता. "बघितलंत? न बसताच पडली! केवढी ताकद मंत्राची!"

दोन-चार बायकांनी हातही जोडले. हौसाच्या अंगाचा तिळपापड झाला. ती पुढे झाली, परात उपडी केली, एका बाईकडून चांगलं पाणी ओतून घेतलं. खोलीतलं निखाऱ्यांचं बोळकं पदराने धरून आणलं, मधोमध ठेवून पुरचुंडीतली मूठ टाकली आणि गोविंदाकडे वळून म्हणाली, "आता बघा. इथं बाई नाय, मंत्र नाय."

तड्... तड्... पाण्यात कीड तरंगू लागली.

एका म्हातारीने पुरचुंडीतली बी बोटांत चोळून पाहिली. "ही तं भुईरिंगणी गो! बांधावर उगवते ती."

सकाळी जिने रडत रडत आपली कुठलीशी जुनी गोष्ट साऱ्यांदेखत कबूल केली होती, ती बाई उठली आणि बाबाच्या तोंडावर थुंकली.

मांडवात मागे सगुणा नावाची एक शेतकरीण गुडघ्यांत मान घालून बसली होती. पाळी जाऊन वर्षं झाली तरी तिच्या अंगावर रक्त जात होतं, आणि भाताच्या गेल्या लावणीपासून ती धुरीच घेत होती. हौसा तिला घेऊन नम्रताबाईंकडे गेली.

बाईंनी बी चिरून दाखवली. "तापली की बी फुटते, आतला कोंब बाहेर उडतो. वाकडा असतो, म्हणून अळीसारखा दिसतो." मग त्यांनी सगुणाला तपासलं. हात धुऊन त्या लगेच मुंबईच्या इस्पितळासाठी चिठ्ठी लिहायला बसल्या. सगुणाला मुंबईला पाठवलं, पण दुखणं फार पुढे गेलं होतं. पुढच्या सुगीपर्यंत ती राहिली नाही.

हौसाची जागा गोठवली तेव्हा तिला ओटीपोटात पाळीसारखी कळ आली, तेवढंच. संध्याकाळी ती घरी होती. एस.टी.त गोविंदाने खिडकीची जागा तिला दिली. "चुकलो मी," तो म्हणाला. ती म्हणाली, "मला सांगून काय? सगुणाच्या घरच्यांना सांगा, पुन्हा कुणाला धुरीला धाडू नका म्हणावं."

बाबाने मांडव गुंडाळला. आता दुसरीकडे कुठे मांडला असेल. मुठीतली बी परातीत पाडायला कितीसा वेळ लागतो! म्हणून बायांनो, अंगावर भलत्या वेळी रक्त जात असेल तर लाजू नका, थांबू नका, दवाखान्यात जा. काही होत नसेल तरीही तपासून घ्या, कारण हा रोग आधी दुखत नाही. आणि नवरे लोकांनो, बायकोला आणायचंच असेल तर डॉक्टरकडे आणा. जो आजाराआधी तुमच्या बायकोचं पाप विचारतो, त्याच्या परातीत औषध नसतं.