नंदूचं विमान

नरहर मास्तरांनी नेरच्या शाळेत सारी हयात भूगोल शिकवला, पण त्यांचा पाय कधी यवतमाळ-अमरावतीच्या पलीकडे पडला नाही. जगातली अंतरं त्यांनी नकाशावर फूटपट्टी ठेवून मोजली. फूटपट्टीला ना नदी आडवी येते, ना रेल्वेचं फाटक.

आज कुंदाला बापाच्या त्या फूटपट्टीचा संताप येत होता. तिची आई प्रभावतीबाई चार दिवसांपासून पोटाच्या दुखण्यानं अंथरुणावर होती. सकाळी डॉक्टर स्पष्ट सांगून गेले, आतड्याला पीळ पडलाय, दुपारच्या एसटीनं अमरावतीला न्या, ऑपरेशनला उशीर झाला तर हाती काही लागणार नाही. कुंदानं लगेच गाठोडं बांधलं. मास्तर मात्र जागचे हलेनात. मुंबईला नोकरीला असलेल्या मुलाची, नंदकिशोरची तार आली होती, आज विमानानं निघतो म्हणून.

"मुंबई-नागपूर दोन तास," मास्तर म्हणाले. "एसटीच्या धक्क्यांनी तिचे हाल कायले करता? नंदू मोटर घेऊन येते, मग नेऊ आरामात."

नागपूरहून इथवर यायचं कसं, असं कुंदानं विचारलं. सरळ रेषेत कितीसं आहे ते, म्हणून मास्तरांनी तिला उडवून लावलं. एसटी हॉर्न वाजवून निघून गेली. बापापुढे तोंड चालवायची त्या घरात रीत नव्हती. जळो ती रीत, असं कुंदाला वाटलं, पण ती गाठोड्याशीच बसून राहिली.

उन्हं कलली तेव्हा आभाळात घरघर ऐकू आली. मास्तर धोतर सावरत अंगणात धावले.

"अगं, ऐकलं का? नंदू आला!"

शेजारी गोळा झाले. गावावरून उडत गेलेला आपला मुलगा मास्तर त्यांना बोटानं दाखवत होते. आत प्रभावतीबाईंनी डोळे उघडले आणि कुंदाचा हात धरून काहीतरी पुटपुटल्या. काय म्हणाली, असं मास्तरांनी दारातून विचारलं. काही नाही, असं कुंदानं सांगितलं.

दिवेलागणीला प्रभावतीबाई गेल्या.

नंदकिशोर पोचला दुसऱ्या दिवशी. नागपुरात एकही टॅक्सीवाला इतक्या लांब यायला तयार होईना, तेव्हा वर्धा, यवतमाळ करत, एसट्या बदलत तो आला. आईच्या पायांवर डोकं ठेवून तो खूप रडला. मग त्याला डॉक्टरांचं बोलणं कळलं.

"अमरावतीला काहून नाही नेलं, नाना?"

"तू दोन तासांत येणार होता."

"ते नागपूरचे दोन तास, नाना. घरचे नाही."

मग मास्तरांनी कुंदाला हळूच विचारलं, काल आई काय म्हणाली होती. कुंदाला त्यांची दया यायला हवी होती, पण आली नाही.

"म्हणे, आला तर मंग खाली काहून नाही उतरला?"

बाहेर तिरडी बांधून झाली होती. माणसं खोळंबली होती. मास्तर काही उठले नाहीत.