छातीचा उलटा फोटो

आमचे हे ट्रम्पेट वाजवतात आणि खोकतात. लग्न झाल्यापासून दोन्ही ऐकतेय. खोकला त्या ट्रम्पेटमुळेच, असं घरात सगळ्यांचं ठाम मत. एवढी हवा फुंकल्यावर छातीची चाळण होणारच, नाही का? यंदा कफात रक्ताचा ठिपका दिसला आणि माझं डोकंच फिरलं. ट्रम्पेट कपाटात टाकलं, कुलूप लावलं, किल्ली माझ्याकडे.

"अगं, रविवारी बागेत कार्यक्रम आहे!" हे कळवळले.

"असू दे. बागेत झाडं आहेत, ती सळसळतील."

हे भांडले असते तर बरं वाटलं असतं. पण हे नुसते बसून गुडघ्यावर बोटांनी सूर दाबत राहिले. आणि खोकला मेला कमी व्हायचा सोडून वाढतच गेला. शेवटी यांना छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. वन्संही आल्या, भावाची बाजू घ्यायला कुणीतरी हवं म्हणून.

डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण तोंडाने चटपटीत. दिव्याच्या पेटीवर एक्स-रे लावलेला होता. "फोटो उलटा लावलाय," म्हणत त्यांनी तो फिरवला.

"आमचा नेहमी उलटाच लागतो," हे म्हणाले. "मग सगळे सरळ करून बघतात."

डॉक्टरीणबाई थबकल्या. यांच्या छातीवर डावीकडे ऐकलं, उजवीकडे ऐकलं आणि फोटो पुन्हा होता तसा लावला. "अहो, फोटो बरोबरच आहे. तुमचं हृदय उजवीकडे आहे!"

"तरीच!" मी म्हटलं. "इतकी वर्षं मी भलत्याच बाजूला शोधत होते."

मग प्रश्नांची सरबत्ती. लहानपणी कान वाहायचे? हो. नाक कायम चोंदलेलं? हो. खोकला कधीपासून?

"पाळण्यापासून," हे म्हणाले, आणि माझ्याकडे बघून हळूच, "पाळण्यात ट्रम्पेट नव्हतं."

तेवढ्यात वन्सं खोकल्या. अगदी यांच्यासारखंच, ओलं, खर्जातलं.

"तुम्हीही वाजवता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मी? शी! त्या आवाजाने माझं कपाळ उठतं. मला हे याच्यामुळे लागलंय."

"लागलेलं नाही. दोघांनीही आईवडिलांकडून आणलंय." आणि वन्संचीही छाती ऐकून त्यांनी समजावलं. श्वासाच्या नळ्यांत बारीक केस असतात, ते कफ झाडून बाहेर ढकलतात. या दोघांचे केस जन्मापासूनच संपावर असणार. पोटात असताना हृदय कोणत्या बाजूला जायचं तेही असलेच केस ठरवतात. ते हलले नाहीत, तर नुसती नाणेफेक. वन्संचं हृदय डावीकडे पडलं, यांचं उजवीकडे.

"आई आमच्यात डावं-उजवं करते, हे मी लहानपणापासून सांगतेय!" वन्सं म्हणाल्या. डॉक्टरीणबाई पोट धरून हसल्या. दोघांच्या नाकात ब्रश फिरवून नमुने घेतले, रक्त तपासायला पाठवलं, यांना जंतूंवर औषध सुरू केलं. काही आठवड्यांनी आजार पक्का ठरला.

तेव्हा मी विचारलं, "आणि ट्रम्पेट?" हे जमिनीकडे बघत बसले.

"बंद केल्यावर खोकला कमी झाला?"

मी पर्समधली कपाटाची किल्ली चाचपली. "वाढला."

"वाढणारच! यांचा कफ बाहेर यायला त्या फुंकण्याची मदत होती, तीच तुम्ही कुलपात घातलीत. रक्त आलं ते साचलेल्या कफातल्या जंतूंमुळे. औषधाने ते थांबलंय, आता खुशाल वाजवू द्या. श्वासाचे व्यायाम रोज, वाद्य रोज धुवायचं, आणि पुन्हा रक्त दिसलं तर थांबून तडक इकडे."

एवढा मोठा माणूस, तिथेच खुर्चीत ढसाढसा रडला. मग मला तरी कसं आवरणार?

आता मी रोज ट्रम्पेट साबणाच्या पाण्याने धुऊन देते आणि हे भिंती हलवतात. काल वरच्या मजल्यावरचे गृहस्थ दारात उभे राहिले.

"वहिनी, हे रोज सकाळी?"

"औषध आहे ते. संध्याकाळीही असतं."

"अहो, पण किती दिवस चालणार हे औषध?"

"जन्मभर," मी म्हटलं. आणि म्हणताना इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!