महाराजांचा टॅब आणि सान्वीचं डोकं

डोंबिवलीच्या मैदानावर कबड्डीची मॅट ओस पडली होती आणि झाडून सगळी गर्दी लोटली होती शामियान्याच्या कोपऱ्यात. तिथे खडवलीहून आलेले नेत्रप्रकाश महाराज खेळाडूंचे मेंदू तपासत होते. समोर एक टॅब, त्याला झेंडूचा हार, बाजूला उदबत्ती. खेळाडूने टॅबकडे टक लावून बघायचं. पडद्यावर दोन निळे ठिपके जोडीने गोल फिरायचे आणि शेवटी हिरवं कमळ फुलायचं. कमळ फुललं की मेंदू निर्मळ! टाळ्यांवर टाळ्या.

"परदेशात डोक्याला मार बसला की असेच डोळे तपासतात," महाराज सांगत होते. "पण त्यांच्याकडे नुसता कॅमेरा. आपलं यंत्र हिमालयात चार्ज केलंय!"

त्यातलं परदेशाचं तेवढं खरं होतं. मुलींच्या संघाच्या प्रशिक्षक नीला मॅडमनी पेपरात वाचलंही होतं, म्हणून तर त्या रांगेत उभ्या होत्या. त्यांच्या मंडळाच्या मुली चौदा वर्षांत पहिल्यांदा फायनलला पोचल्या होत्या. पण सकाळच्या सेमीफायनलमध्ये सान्वी, त्यांची सगळ्यात चपळ चढाईपटू, पकडीत आडवी झाली आणि तिचं डोकं मॅटवर आपटलं. पाणी मारलं, स्प्रे मारला, पोरगी उठली. आपल्याकडे उठून उभा राहिला की खेळाडू बरा, असा हिशेब. फायनल संध्याकाळी होती.

"मॅडम, सेमी जिंकलो ना आपण?" सान्वीने विचारलं.

"अगं, आत्ताच सांगितलं ना! जिंकलो."

सान्वीने मान डोलावली आणि दोन मिनिटांनी तेच विचारलं.

सान्वीचा नंबर लागला. ठिपके फिरले, कमळ फुललं. "निर्मळ! खुशाल खेळू दे," महाराजांनी फर्मावलं. सान्वीची आई दर्शना हात जोडून रडायलाच लागली. "बघा मॅडम! आता घ्या हां तिला टीममध्ये."

मॅडमना तेच ऐकायचं होतं, हे कबूल करायला हवं. पण जिला सकाळचा सामना आठवत नाही, तिचा मेंदू निर्मळ कसा? त्यांनी मंडळाच्या सत्तरीतल्या गुणलेखकाला हाक मारली.

"बाबुरावकाका, तुम्ही बसा बघू."

"मला काय धाड भरलीय? मी नुसते गुण लिहितो."

"बसा हो!"

काका बसले. महाराजांनी भस्म लावलं, टॅब लावला. ठिपके तालात फिरले, कमळ डौलात फुललं.

"वा! दोन्ही डोळे एकदिलाने चालतात. अगदी विशीतल्या पोराचा मेंदू!"

"दोन्ही?" काका म्हणाले. "महाराज, डावा काचेचा आहे. लहानपणी विटी लागलेली."

गर्दीत खसखस पिकली. महाराज सावरले. "यंत्राला आत्म्याचा डोळा दिसतो, बाळ!"

सत्तरीचं बाळ उठलं. नीला मॅडमनी टॅब रिकाम्या खुर्चीकडे वळवला आणि पडद्यावर बोट टेकवलं. ठिपके फिरले, कमळ फुललं, आणि खाली दिसली व्हिडिओची पट्टी. चाळीस सेकंदांचा व्हिडिओ! समोर कुणीही बसो, तोच लागायचा.

"खुर्चीचा मेंदूपण निर्मळ, भावा!" मागून कोणीतरी ओरडलं. मैदान हसून लोळलं, आणि महाराजांना एकदम खडवलीची गाडी आठवली.

दर्शना मात्र हसली नाही. "मॅडम, जिल्ह्याचे निवडकर्ते आलेत. ती नाही खेळली तर?"

"दर्शनाताई, ती खेळणार नाही."

सान्वी ढसाढसा रडली. मॅडमना फार वाईट वाटलं, पण त्यांनी संघ काकांवर सोपवला आणि मायलेकींना रिक्षात घालून शीळफाट्यावरून थेट ठाणं गाठलं.

तिथल्या इस्पितळात डॉक्टर धम्मपाल यांनी आधी सान्वीला प्रश्न विचारले, मग एका रेषेवर चालवलं आणि शेवटी एका यंत्रासमोर बसवलं. ना हार, ना उदबत्ती. पडद्यावर सरकणाऱ्या एका ठिपक्याचा तिने नजरेने पाठलाग करायचा, कॅमेरा तिच्या डोळ्यांची हालचाल टिपणार. ठिपका सरळ सरकत होता. सान्वीचे डोळे मागे पडत, मध्येच उडी मारून त्याला गाठत.

"नुसतं यंत्र निकाल देत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण सगळं मिळून सांगतो, मेंदूला हादरा बसलाय. विश्रांती घेतली की बरी होईल. आज पुन्हा डोकं आपटलं असतं, तर जिवावरही बेतलं असतं."

दर्शनाने लेकीचा हात घट्ट धरला. तेवढ्यात काकांचा फोन आला. फायनल तीन गुणांनी गेली होती.

"माझंच चुकलं," दर्शना हळूच म्हणाली. "पण मॅडम, आम्हाला कसं कळणार हो, कुठलं यंत्र खरं नि कुठलं खोटं?"

"मीही फसतच होते, ताई," नीला मॅडम म्हणाल्या. "पुढच्या वेळी एवढंच विचारायचं, या तपासणीत आजवर कुणी नापास झालंय का? जी सगळ्यांनाच पास करते ती तपासणी नव्हे. तिच्या भरवशावर आपली पोर खेळायला पाठवायची नाही."